जरी–तरी आणि इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये



सुरतेचा आणि व्याकरणाचा संबंध जुना आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी येथेच मानवधर्म सभा स्थापन केली. आपण पाठ करतो त्या शब्दांच्या आठ जाती त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मांडल्या. त्यातील उभयान्वयी अव्यय म्हणजेच इंग्रजीतील कंजंक्शन. काम एकच, दोन शब्द किंवा वाक्ये जोडणे. जोडण्याची रीत मात्र वेगळी, आणि आमचे विद्यार्थी नेमके तिथेच अडतात.

मराठीत हे शब्द जोडीने येतात : जरी–तरी, ज्याअर्थी–त्याअर्थी. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथेही यद्यपि–तथापि. गुजरातीत जोके–छतां. घरी, शेजारी, बाजारात मुलांच्या कानावर जोड्याच पडतात. मग वहीत हमखास सापडते : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी केम टू स्कूल.' इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. 'ऑल्दो' घेतला तर 'बट' नको, 'बट' घेतला तर 'ऑल्दो' नको. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच. ('इफ'च्या मागून 'देन' आला तर चालतो.)

इथवर फार तर गुण जातील. 'अंटिल'ची चूक अधिक महाग आहे. उधना, लिंबायत भागातील आपली अनेक कुटुंबे लूम्सच्या कारखान्यांशी जोडलेली आहेत, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. 'मशीन थांबत नाही तोपर्यंत हात लावू नका' याचे शब्दशः इंग्रजी मुले करतात : 'डू नॉट टच अंटिल द मशीन डझ नॉट स्टॉप.' मराठीतला 'नाही' इंग्रजीत आला आणि सूचनेचा अर्थच बिघडला. बरोबर वाक्य : 'डू नॉट टच अंटिल द मशीन स्टॉप्स.' 'अनलेस'च्या पोटात तर 'नाही' आधीच आहे. 'अनलेस यू स्टडी' म्हणजेच 'अभ्यास केला नाहीस तर'. तिथे वेगळा 'नॉट' घालू नये.

नियम पाठ करून हे जमत नाही, असे आमचे मत आहे. पालकांना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. 'जरी–तरी' किंवा 'जोपर्यंत–तोपर्यंत' असलेले एक मराठी वाक्य रोज मुलांना द्यावे आणि इंग्रजी करताना कोणता शब्द गळला, एवढेच विचारावे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी अशी पाच वाक्ये घरच्यांच्या तोंडची टिपून, इंग्रजीसह, सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावीत.