लेण्यांच्या शेजारचा स्टुडिओ

कर्जतच्या एन. डी. स्टुडिओचा ताबा सरकारी चित्रपट महामंडळाकडे गेला, तेव्हा चर्चा झाली ती कर्जाची आणि जमिनीची. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी तिथे काय घडवलं, हा विषय मागेच राहिला.

१९८७ मध्ये ‘तमस’साठी नितीश रॉय यांच्या हाताखाली त्यांनी सुरुवात केली. पुढे ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’, ‘लगान’, ‘देवदास’, चार राष्ट्रीय पुरस्कार. २००५ मध्ये ५२ एकरांवर स्टुडिओ उभा राहिला आणि कलादिग्दर्शकाचा स्टुडिओमालक झाला. ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका आणि ‘बालगंधर्व’ हा चित्रपट ही त्यांचीच निर्मिती. अभिनयही केला. २०१२ मध्ये ‘अजिंठा’चं दिग्दर्शन केलं. ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यावरचा हा चित्रपट मला त्यांच्या कामात सर्वांत जवळचा वाटतो, कारण लेण्यांच्या वेडाने झपाटलेल्या चित्रकाराची ही गोष्ट त्यांच्यासारख्याच झपाटलेल्या माणसाने सांगितली.

लेणी कर्जतलाही आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. दर्शनी भागातले कठडे, कमानी दगडाचे, पण घडवलेत लाकडी बांधकामासारखे. म्हणजे एका साहित्यातून दुसऱ्याचा भास उभा करायची विद्या या खोऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे. देसाईंच्या कारागिरांनी प्लायवूड आणि प्लॅस्टरमधून दगडी किल्ले उभे केले, ते याच विद्येवर. कोंडाण्याच्या चैत्याजवळ एक छोटा शिलालेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. गुरूचंही नाव आणि शिष्याचंही.

फरक टिकण्यात आहे. सेट एका चित्रपटासाठी बांधला जातो. चित्रीकरण संपलं की त्याची कमाई बहुतेक थांबते. कर्जतचा पाऊस मात्र दरवर्षी डागडुजी मागतो आणि व्याज बाराही महिने चढतं. निर्मात्याचा पैसा निदान चित्रपट विकला की परत येऊ शकतो. सेट मांडून बसलेल्या स्टुडिओमालकाला पुढच्या चित्रीकरणाची वाट पाहावी लागते. देसाईंच्या कर्जाची थकबाकी सुमारे २५२ कोटींवर गेली. २ ऑगस्ट २०२३ रोजी याच स्टुडिओत देसाईंनी आयुष्य संपवलं. मे २०२५ मध्ये इथला ‘जोधा अकबर’चा सेटही आगीत गेला.

आता महामंडळ भाडेपट्टे आणि पर्यटनाचा हिशोब मांडेल, तो मांडायलाच हवा. पण त्याआधी उरलेल्या सेटची मोजमापं, नकाशे, साचे जपायला हवेत. देसाईंसोबत राबलेले सुतार, मोल्डर, पेंटर यांची नावं त्यांच्या हयातीतच लिहून घ्यायला हवीत. हे काम स्वस्त आहे आणि लगेच सुरू करता येईल. नव्या फलकावर मंत्र्यांची नावं येतीलच; त्याच फलकावर या कारागिरांनाही जागा मिळाली पाहिजे.