चिखलातली गाडी डांबरावर

वेल्ह्याहून केळदमार्गे मढे घाटाच्या तोंडाशी जाताना पावसाळ्यात हे दृश्य हटकून दिसतं. कडेला उघडी जीप उभी असते आणि तिचा मालक गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाच्या आत हात घालून काहीतरी चाचपत असतो. येणारा-जाणारा म्हणतो, गेली चिखलात. खरं तर चिखलात तिला काही झालेलं नसतं. चिखल संपून डांबर लागलं आणि दांडा मागे घ्यायचा राहून गेला, तिथे ती अडकली.

लष्करातून निघालेली गाडी रस्त्यावर पोसायची, तर सगळ्यात आधी हा दांडा समजून घ्यावा लागतो. गिअरच्या दांड्याशेजारी जीपला आणखी दोन छोटे दांडे असतात. एक पुढच्या चाकांना ताकद जोडतो, दुसरा ‘लो’ लावतो. पुढची चाकं जोडली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्यांना थोडं जास्त फिरायला हवं. मातीत चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबर घसरू देत नाही. मग तो पीळ शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरच्या दातांवर साठत जातो आणि शेवटी दांडा हलेनासा होतो. यावर गॅरेजमधला जुना उपाय म्हणजे गाडी थोडी उलटी घ्यायची. पीळ सुटला की दांडा लोण्यासारखा मागे येतो.

हे दुखणं एकट्या जीपचं नाही. ब्रिटनमध्ये हौशी लोक चिलखती गाड्या पाळतात. त्यांची आवडती म्हणजे डेमलर कंपनीची फेरेट. १९५२ ते १९७१ या काळात अशा ४,४०९ गाड्या बनल्या. वजन पावणेचार टनांच्या आसपास, चिलखताची जाडी ६ ते १६ मिलिमीटर, आत रोल्स-रॉइसचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पुढे जितके गिअर, तितकेच मागे, म्हणजे पाच-पाच, कारण टेहळणीच्या गाडीला शत्रू दिसला की तोंड न वळवता पळता आलं पाहिजे. पण तिची एका बाजूची पुढची-मागची चाकं कायमची जखडलेली असतात. एक टायर दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त झिजला तरी सडकेवर पीळ भरत जातो आणि चाकाजवळचे गिअर मोडतात. म्हणून तिचे मालक मधूनच एका बाजूची चाकं फुटपाथच्या कडेवर चढवून उतरवतात. आपला मिस्त्री जीप उलटी घेतो, ते त्यांची फेरेट फुटपाथवर चढवतात. गोळी अडवणाऱ्या गाडीला साधी डांबरी सडक सोसत नाही, याची मला गंमत वाटते.

आपल्याकडे चिलखती गाडी दारात उभी करायची सोय नाही. ती बघायची तर नगरला जायचं. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं, आणि त्यात रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटारसुद्धा आहे. भोर-वेल्ह्याच्या वाट्याला लष्कराचं जे वाहन खरोखर आलं, ते बिनचिलखती: जीप.

मूळची विलीज ही दुसऱ्या महायुद्धातली. विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून तशा सहा लाखांवर गाड्या काढल्या. २,१९९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्ती, तीन गिअर, सहा व्होल्टची वीज आणि पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या ‘डिस्पोजल’मधून बाजारात आल्या. १९४७ मध्ये महिंद्राने सुट्या भागांत आणलेल्या पहिल्या ७५ जीपा मुंबईत जोडायला घेतल्या. महिंद्राची जीप पुढे कित्येक दशकं त्याच मुशीतून निघत राहिली, आणि भोर-वेल्ह्याकडे जीप पाळणं परवडतं ते त्यामुळेच. क्रॉस, किंगपिन, पाटे, ब्रेकचे रबर असलं सामान पुण्यात मिळतं आणि वडापच्या जीपांवर हात बसलेल्या मिस्त्रीला ती उघडायला पुस्तक लागत नाही.

जोंगाची गोष्ट वेगळी. निसान पॅट्रोलवरून घेतलेली ही गाडी जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनली. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ११० अश्वशक्ती. दिसायला देखणी, यात वादच नाही. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये एक घेतली आणि लोकांना तिची पुन्हा आठवण झाली. पण लष्करात जोंगामागे वर्कशॉप होतं, स्टोअर होतं, मोडलेला भाग त्याच दिवशी बदलणारा जवान होता. लिलावात यातलं काही मिळत नाही. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून कुणी तिच्यात दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवतो आणि कायद्याच्या कचाट्यात सापडतो. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. माझं मत विचाराल तर भोरमध्ये राहून जोंगा घेऊ नये.

कागदांचं तर विचारूच नका. लष्करी गाडीच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खालची ती वेगळी नोंद. गाडी सैन्यातून निघाली की ती नोंद संपते आणि नव्या मालकाला आरटीओत नव्याने नोंदणी करावी लागते. लिलावाचे कागद हरवलेली जीप कितीही स्वस्त असली तरी ती भंगारच समजा. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. व्हिंटेजची पाटी लावलेली गाडी मात्र प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. वेल्ह्याच्या बाजाराला नेता येत नाही.

बाकी निगा सोपी आहे, फक्त रोजची आहे. वरंधा घाट उतरताना ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. मूळ विलीजला चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच नळी-व्यवस्था. कुठेही गळती लागली की चारी चाकं मोकळी. गिअर खालचा ठेवून इंजिनलाच गाडी धरायला लावायची. ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेकचे ड्रम ओले असतात, म्हणून थोडं अंतर पाय हलका दाबून ते वाळवायचे.

आणि पावसाळ्यात केळदकडे गेलात तर घरी आल्यावर धुणंपुसणं नंतर करा, आधी डिफरन्शियलच्या हौजिंगचा बोल्ट सोडून तेल बघा. तापलेलं हौजिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका.