तंबाखूपासून धोतऱ्यापर्यंत : नशेचे पदार्थ आणि शरीर

नशेच्या पदार्थांची कायद्याने केलेली विभागणी एक आणि शरीराने केलेली दुसरी. परभणी जिल्ह्यात देशी दारूच्या दुकानाला परवाना मिळतो, तंबाखू पानटपरीवर उघड विकली जाते, गुटख्यावर २०१२ पासून राज्यभर बंदी आहे आणि गांजा बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मज्जासंस्थेला यातले काही कळत नाही. पदार्थ मेंदूला चेतवतो, मंदावतो, वेदना बधिर करतो की भान बिघडवतो, यावरच तिथे त्याचा वर्ग ठरतो.

उत्तेजकांत तंबाखूचा मान पहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले; त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे. कापूस वेचताना, ऊसतोडीवर, मोंढ्यात हमाली करताना चिमूटभर तंबाखू तळहातावर येते, तिला नखाने चुना लागतो, अंगठ्याने मळून, थाप मारून भुकटी उडवली जाते आणि बार ओठाआड बसतो. चुना केवळ चवीपुरता नसतो. त्याच्या अल्कधर्मामुळे निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. मेंदूत डोपामिन सुटते, नाडी आणि रक्तदाब चढतो, भूक मरते. उपाशीपोटी राबणाऱ्याला तंबाखूचा आधार वाटतो, त्यात या भूक मरण्याचा वाटा मोठा आहे. पुढे तंबाखूतील नायट्रोसामाइन्स तोंडाच्या कर्करोगाला कारण होतात. गुटख्यातली सुपारी आणखी वेगळी इजा करते. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साचतात, तिखट सोसेनासे होते आणि हळूहळू तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत. इथून कर्करोग दूर नसतो.

याच वर्गातले मेफेड्रोन, म्हणजे बोलण्यातले ‘एमडी’, फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या यादीत आले. त्याने झोप उडते, अंग तापते, हृदयाचे ठोके बेताल होतात आणि उतरताना संशय व नैराश्य गाठते.

मंदावणाऱ्या पदार्थांत दारू, शिंदी आणि झोपेच्या गोळ्या येतात. शिंदीला मराठवाड्यात इतिहास आहे. निजामाच्या खजिन्यात अबकारीचे उत्पन्न मोठे होते. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह केला. झाडावरून उतरलेला गोड रस काही तासांत आंबतो आणि त्यात सौम्य मद्यार्क तयार होतो. खरा धोका भेसळीचा. मराठवाडा-तेलंगण पट्ट्यात शिंदीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली आहेत. १८६९ पासून झोपेसाठी वापरले गेलेले हे रसायन मद्यार्काबरोबर घेतले की दोघांची गुंगी एकमेकांना वाढवते आणि श्वास मंदावतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या दारूबरोबर घेतल्यासही हेच घडते.

दारू मेंदूतील आवर घालणारे संदेश वाढवते आणि चेतवणारे दाबते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदू उलट बाजूने जोर लावून तोल राखू लागतो. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली तर तो जोर मोकळा सुटतो : हात कापतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, वेळी जीवही जातो. घरात कोंडून दारू सोडवणे म्हणूनच घातक आहे. हातभट्टीत मिथेनॉल आले तर यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्याची नस जळते. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशा दारूने शंभरावर बळी घेतले.

अफूच्या कुळातले पदार्थ खेड्यात बहुधा औषधाच्या बाटलीतून येतात. खोकल्याच्या काही औषधांतल्या कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. वेदना शमते, बद्धकोष्ठ होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मात्रा वाढली की श्वास थांबतो. नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर तो परत सुरू होतो.

गांजा कोणत्याच एका वर्गात नीट बसत नाही. त्यातील टीएचसीने डोळे लाल होतात, नाडी धावते, वेळ लांबल्यासारखी वाटते, ताजी स्मृती निसटते. किशोरवयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराची जोखीम वाढते. तरीही जीव घेण्यात परवान्याची दारू आणि उघड विकली जाणारी तंबाखू गांजाच्या कितीतरी पुढे आहेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बांधावरचा धोतरा कोणी विकत घेत नाही, पण भान घालवण्यात तो सगळ्यांवर मात करतो. त्याच्या बियांतील अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अ‍ॅसिटिलकोलिनचे काम अडवतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या फाकतात, ताप चढतो, माणूस नसलेल्या माणसांशी बोलू लागतो. कपाशीवर मोनोक्रोटोफॉस फवारताना विषबाधा झालेल्या शेतमजुराची अवस्था नेमकी उलटी असते : लाळ, घाम, बारीक बाहुल्या, कफाने भरलेली छाती, कारण त्याच्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलिन साचलेले असते. त्याच्यावरचा मुख्य उतारा अ‍ॅट्रोपिनच. छातीतला कफ सुकेपर्यंत डॉक्टर ते पुन्हापुन्हा टोचत राहतात.