बिघाडाची जागा

2003 च्या दिवाळीत आमच्या घरी मिनी-डीव्ही कॅमेरा आला आणि पुढच्या सहा वर्षांत चौदा कॅसेट्स भरल्या. कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी, आत 6.35 मिलिमीटर रुंदीची फीत. त्यात भाचीचं बारसं, धाकट्याची मुंज, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. या कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवण्याचा खटाटोप मी 2006 मध्ये सुरू केला, तो अजून पुरता संपलेला नाही. दर काही वर्षांनी बिघाडाने आपली जागा बदलली आणि दर वेळी मी त्याला आधीच्याच जागी शोधत बसलो.

पहिला घोळ केबलचा. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक होतं, म्हणून तीच केबल लावली. मेमरी कार्डावरचे फोटो आले, फितीवरचं काहीच आलं नाही. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबी फोटोंपुरतीच असे, नाहीतर अगदी बारीक, अडखळतं चित्र देई. फितीचा खरा रस्ता शेजारच्या इवल्याशा चार पिनांच्या पोर्टमधून जात होता. ते फायरवायर. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच आय-लिंक म्हणत. डेस्कटॉपमध्ये त्याचं कार्ड बसवलं आणि पडद्यावर बारसं हललं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचा सगळा हट्ट वेडेपणा वाटेल. डीव्हीच्या फितीवर चित्र आकड्यांतच लिहिलेलं असतं. फायरवायरने ते आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर येतात, दर्जा कणभरही घटत नाही. एका तासाला साधारण 13 जीबी, आणि तासाच्या कॅसेटला तासच लागतो. त्याआधी एका स्टुडिओतून तीन कॅसेट्सच्या डीव्हीडी करून आणल्या होत्या. डीव्हीडीवर चित्र दाबूनच बसवावं लागतं. मुंजीतल्या अक्षतांचा त्यात नुसता पांढुरका धुरळा झाला होता. मूळ फितीत दाणा न् दाणा दिसतो.

मग हार्ड डिस्कची पाळी आली. दर वेळी वीस मिनिटांच्या आसपास कॅप्चर आपोआप थांबे. मी केबल बदलली, कॅमेऱ्याचं हेड साफ केलं, आणि दोष निघाला डिस्कच्या फॉरमॅटमध्ये. फॅट-32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, आणि डीव्हीची वीस मिनिटं म्हणजे तेवढीच. डिस्क एनटीएफएस केली आणि कॅप्चर मधेच तुटणं थांबलं. मधूनच फ्रेम गळायच्या, त्यासाठी कॅप्चर चालू असताना बाकी सगळं बंद ठेवायला शिकलो. अशा पाच कॅसेट्स उतरल्या. मग नोकरी, बदली, घर बदलणं यांत उरलेल्या नऊ माळ्यावर गेल्या.

2014 मध्ये पुन्हा बसलो तेव्हा नव्या लॅपटॉपला फायरवायरचं पोर्टच नव्हतं. यूएसबीला फायरवायरचा कनेक्टर जोडणारी स्वस्त केबल मागवली. ती चालली नाही आणि चालणारही नव्हती, कारण दोन्हींची बोलण्याची रीतच वेगळी; नुसती टोकं जुळवून भागत नाही. जुन्या डेस्कटॉपवर नवं विंडोज चढवलं होतं, तिथे कॅमेरा सापडेना. विंडोज 7 मध्ये या कार्डासाठी एक जुना, ‘लेगसी’ ड्रायव्हर असे. विंडोज 8 पासून तो सोबत येईनासा झाला, वेगळा घालावा लागे. मॅकवाल्यांनी थंडरबोल्टचे दोन-दोन ॲडॅप्टर एकापुढे एक लावून बरीच वर्षं निभावलं, पण 2025 च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधारच राहिला नाही. मी त्याच डेस्कटॉपवर लिनक्स घातलं. तिथे कॅमेरा लगेच ओळखला गेला.

आता वाटलं, सुटलो. पण एव्हाना बिघाड फितीत जाऊन बसला होता. माळ्यावरच्या इतक्या पावसाळ्यांनी दोन कॅसेट्सवर पांढरी बुरशी चढवली. बाकीच्यांत फीत गुंडाळीला चिकटू लागली होती. अशी कॅसेट लावताच प्ले करू नये. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवावी, ताण सारखा होतो. त्याआधी कॅसेटच्या पाठीवरची बारीक खूण ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते आजीच्या कॅसेटने. ती एलपीवर, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं बसवून, घेतलेली. एसपीमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगात, फितीवरचा प्रत्येक माग 10 मायक्रॉन रुंद असतो, एलपीमध्ये 6.7. इतक्या अरुंद मागावर दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड नेमकं बसेलच असं नाही. आमचा कॅमेरा कुरकुरायला लागला होता, म्हणून मित्राचा चांगला कॅमेरा आणला, तर त्यात आजीच्या चेहऱ्याच्या चौकटी-चौकटी झाल्या आणि आवाज तुटला. फीत मेली असं समजून मी ती बाजूला ठेवली, आणि तब्बल दोन वर्षं ठेवली. मग आमचाच कॅमेरा दुरुस्त करून घेतला, हेड साफ केलं आणि कॅसेट लावली. चित्र स्वच्छ! ज्या हेडने लिहिलं त्यालाच ते नीट वाचता येत होतं. मधले काही पट्टे तरी तुटतच होते. तीच कॅसेट तीनदा उतरवली. पट्टे दर वेळी वेगळ्या जागी तुटले, म्हणून डीव्हीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने तिन्हींतल्या धड फ्रेम एकत्र केल्या. ओवाळताना आजी पुटपुटते ते आता ऐकू येतं. ती सुनेला सांगते आहे, निरांजन जरा खाली धर, तेल सांडेल.

बारा झाल्या. बुरशीच्या दोन उरल्या आहेत. त्या कॅमेऱ्यात घातल्या तर बुरशी हेडवर जाईल, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करून ठेवल्या आहेत. पाऊस सरला, हवा कोरडी झाली की त्या साफ करणाऱ्याकडे नेईन.