उभं राहण्याची मेहनत
(क्रूझ जहाजाचा सँटोरिनीतला एक दिवस)

'क्रूझ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरंशुभ्र जहाज, डेकवरचा पोहण्याचा तलाव, आरामखुर्चीत पहुडलेली मंडळी आणि दिवसातून पाच वेळा जेवण. (होस्टेलच्या मेसमध्ये बसलं की हा शेवटचा मुद्दा जरा जास्तच ठळक दिसतो. असो!) पण मित्रांनो, हे चित्र प्रवाशाच्या बाजूचं झालं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने त्याच जहाजाकडे बघितलं तर पहिला प्रश्न वेगळाच पडायला हवा. तीनशे मीटर लांबीची, पंधरा मजल्यांची ही वस्तू चालते कशी, हे प्रोपेलर पाहिला की थोडंफार समजतं. पण ती एका जागी उभी कशी राहते?

सफर पंधरा दिवसांची भूमध्य समुद्रातली असो की जगाला वळसा घालणारी तीन-चार महिन्यांची, तिच्यात दिवस दोनच प्रकारचे असतात. एक 'सी डे', म्हणजे नुसतं पाणी कापायचं. दुसरा 'पोर्ट डे', म्हणजे सकाळी कुठेतरी पोचायचं, प्रवाशांना गाव दाखवायचं आणि संध्याकाळी निघायचं. प्रवाशाला पोर्ट डे म्हणजे भटकंती, जहाजाला मात्र तो कसोटीचा दिवस. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं उदाहरण घेऊन हा दिवस समजून घेऊ, कारण तिथली कसोटी जरा जास्तच अवघड आहे.

नांगर टाकायचा कुठे?

सँटोरिनी हे ज्वालामुखीचं बेट. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. या खड्ड्याला 'काल्डेरा' म्हणतात. भोवती दोनशे-तीनशे मीटर उंचीचे उभे कडे, आणि तेच कडे पाण्याखालीही तसेच खोल उतरत गेलेले. मधली खोली साडेतीनशे मीटरच्याही वर जाते. कड्याच्या माथ्यावर फिरा नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे आणि खाली पाण्याला टेकून स्काला नावाचा छोटासा जुना धक्का. मोठं जहाज लागेल एवढी या धक्क्याला जागाच नाही.

मग नांगर टाकावा म्हटलं, तर तेही जमत नाही. आपल्याला वाटतं की नांगर जड असतो म्हणून जहाज धरून ठेवतो. तसं नसतं. नांगराची पकड तेव्हाच बसते, जेव्हा साखळीचा बराचसा भाग तळावर आडवा पडलेला असतो आणि ओढ आडवी लागते. म्हणून साखळी खोलीच्या कितीतरी पट सोडावी लागते. साखळीचा एक 'शॅकल' २७.५ मीटरचा, आणि मोठ्या जहाजाला एका बाजूला असे बारा-चौदा शॅकल, म्हणजे ३३० ते ३८५ मीटर साखळी. तीनशे मीटर खोल पाण्यात ती जवळजवळ सरळ खाली लोंबकळत राहील. नांगर धरणार काय, कप्पाळ!

त्यामुळे मोठी जहाजं इथे बहुधा इंजिनाच्या जोरावरच उभी राहतात. पुढच्या टोकाला पाण्याखाली आडव्या बोगद्यात बसवलेले 'बो थ्रस्टर' आणि मागे 'पॉड'. पॉड म्हणजे पाण्यात लोंबणारं एक मोठं भांडं, त्याच्या आत विजेची मोटर आणि टोकाला प्रोपेलर. हे सगळं भांडंच ३६० अंशांत फिरतं, त्यामुळे सुकाणू वेगळं लागत नाही. क्रूझ जहाजावर असे पॉड पहिल्यांदा १९९८ साली 'कार्निव्हल इलेशन'वर बसवले गेले. जीपीएस आणि वाऱ्याचे सेन्सर संगणकाला माहिती देतात आणि कुठल्या पंख्याने किती, कुठे ढकलायचं ते संगणक ठरवतो. आपण कंट्रोल सिस्टीमच्या पेपरमध्ये जो फीडबॅक लूप रटतो ना, तोच इथे हजारो माणसं पाठीवर घेऊन चालू असतो.

आता थोडं गणित. जहाजाची वाऱ्याला आडवी येणारी बाजू दहा हजार चौरस मीटर धरू. हवेची घनता १.२, ड्रॅगचा गुणांक १. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर असेल, तर बल येतं ६ लाख न्यूटन, म्हणजे साधारण ६० टनांची ढकल. वारा दीडपट झाला, म्हणजे तासाला ५४ किलोमीटर, तर बल सव्वादोन पट होऊन १३५ टनांवर जातं. वेगाचा वर्ग आला की असा घोळ होतो. आणि उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्टेमी' नावाचा वारा सुटतो, तो काही विचारून येत नाही. म्हणूनच कधी कधी कॅप्टन चक्क "आज उतरणं रद्द" असं जाहीर करतो. प्रवासी चिडतात, पण त्या क्षणी तो ६० आणि १३५ मधला फरक मोजत असतो.

किनाऱ्यावरची रांग

समजा वारा शहाणा आहे. प्रवाशांना नंबराची तिकिटं वाटली जातात आणि लहान बोटींतून स्कालाच्या धक्क्यावर सोडलं जातं. या बोटी बहुतेक स्थानिक बोटवाल्यांच्या संघाच्या असतात. ज्यांनी जहाजाकडूनच बससफर घेतली आहे, त्यांना अथिनिओसच्या दुसऱ्या धक्क्यावर नेतात, तिथून नागमोडी रस्त्याने बस वर चढते. बाकीच्यांनी स्कालाहून वर जायचं कसं? तीन वाटा. एक, साधारण सहाशे पायऱ्या चढायच्या. दोन, गाढवावर किंवा खेचरावर बसायचं. २०१८ साली ग्रीस सरकारने नियम केला, की या जनावरांवर शंभर किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. तीन, केबल कार. सुमारे २२० मीटरची चढण तीन-एक मिनिटांत संपते. या केबल कारच्या उत्पन्नातला काही हिस्सा गाढव-खेचरवाल्यांच्या संघटनेला जातो. नवं यंत्र आलं म्हणून जुन्याच्या पोटावर पाय येऊ नये, यासाठी काढलेला हा तोडगा मला फार आवडला.

केबल कारची क्षमता तासाला १,२०० माणसं. एका जहाजातून अडीच हजार माणसं उतरली आणि सगळ्यांनी केबल कारच धरली, तर दोन तासांच्या वर रांग. तीन जहाजं एकाच वेळी आली तर सहा तासांच्या वर! आणि परतताना तीच रांग उलटी, कारण सूर्यास्ताचे फोटो झाल्यावर सगळ्यांना एकदमच खाली उतरायचं असतं. रविवारी फीस्टच्या वेळी मेसच्या दाराशी काय होतं ते आठवा. बोटी वाढवा, बस वाढवा, सगळ्यात अरुंद जागा जेवढं सोडेल तेवढंच पुढे सरकणार.

बेटाची स्वतःची वस्ती जेमतेम पंधरा हजारांची. पाणी, कचरा, रस्ते सगळं तेवढ्यापुरतंच. म्हणून २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे आणि जहाजांना वेळा वाटून दिल्या जातात. १ जुलै २०२५ पासून ऐन हंगामात माणशी २० युरो शुल्कही सुरू झालं. गावाला पाहुणे हवेत, पण एकदम नकोत. यात चूक काय?

वेळ उरलाच तर बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी बघावं, विशेषतः सिव्हिलवाल्यांनी. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथे उत्खनन सुरू केलं आणि राखेखाली गाडलेलं गाव वर आलं. दोन-तीन मजली घरं आणि रस्त्याखालून गेलेली सांडपाण्याची गटारं! राखेखाली माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. लोक वेळेवर बाहेर पडले असावेत, असं संशोधक मानतात.

तोवर जहाजावर काय चालू असतं?

प्रवासी गेले की जहाजाला सुट्टी, असा आपला समज. प्रत्यक्षात तेव्हाच कामाचा खरा धडाका सुरू होतो. केबिनी आवरायच्या, गंजलेले भाग खरवडून रंगवायचे, प्रवासी नसताना उघडता येईल ती यंत्रं उघडायची. वीज मात्र बंद करता येत नाही. एसी, स्वयंपाकघर, फ्रीज, दिवे मिळून मोठ्या जहाजाला उभ्या उभ्या सहा ते दहा मेगावॅट लागतात. अलास्कातल्या ज्युनो बंदरात २००१ पासून क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय आहे, तिथे जहाज आपली इंजिनं बंद ठेवू शकतं. सँटोरिनीला धक्काच नाही, तर प्लग कुठे लावणार? जनरेटर चालूच. निदान १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, एवढा दिलासा.

पाण्याचंही तसंच. माणशी दिवसाला अडीचशे लिटर धरलं आणि प्रवासी-कर्मचारी मिळून चार हजार माणसं धरली, तर रोज दहा लाख लिटर गोडं पाणी हवं. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून किंवा आरओने ते बनवतात, पण किनाऱ्याजवळचं गढूळ पाणी त्यासाठी घेत नाहीत. म्हणजे पोर्ट डेला टाकीतली शिल्लक वापरायची. आपल्याकडे टाकी रिकामी झाली की दुपारी कळतं, तिथे आदल्या रात्रीच हिशेब लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कवायत. लाईफबोटी खाली सोडून बघायच्या, आगीचा सराव करायचा. हे सोपस्कार नव्हेत. याच काल्डेरात ५ एप्रिल २००७ रोजी 'सी डायमंड' नावाचं जहाज खडकाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बुडालं. दीड हजारांवर माणसं सुखरूप उतरली, पण दोन प्रवासी सापडले नाहीत. जहाज अजून तिथेच तळाशी आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून ती गेली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो.

या कामाची माणसं कोण? जगभरची. त्यात गोव्याची आहेत, आपल्या कोकणातलीही आहेत. 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य रत्नागिरीकडे अगदी सहज ऐकू येतं. त्यांना किनारा दिसतो, पण उतरायला मिळेलच असं नाही. आणीबाणीला पुरतील इतके कर्मचारी जहाजावर हवेतच, म्हणून पाळ्या लागतात. २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. उलट बाजूने मोजलं, तर या हिशेबाने आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम बसू शकतं. पाच वेळचं जेवण आठवताना हा आकडाही आठवावा.

शेवटची बोट

परतीची वेळ ठरलेली असते. प्रत्येक प्रवाशाचं कार्ड उतरताना आणि चढताना तपासलं जातं, त्यामुळे कोण बाहेर आहे ते यंत्रावर लगेच दिसतं. स्वतःच्या भरवशावर फिरायला गेलेल्या माणसासाठी जहाज थांबेलच असं नाही. शेवटची बोट चुकली तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. इथे रेक्टरसाहेबांना विनंतीअर्ज चालत नाही! जहाज मात्र हट्टाने निघत नाही. उद्या सकाळी पुढच्या बंदरातली वेळ गाठायची असते, आणि उशीर भरून काढायला वेग वाढवला की इंधनाचा खर्च वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. मेकॅनिकलच्या पदवीधरांना एक वर्षाचा 'जीएमई' कोर्स करून जहाजाच्या इंजिन रूममध्ये जाता येतं. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी 'ईटीओ' आहे. संस्थेला डीजी शिपिंगची मान्यता आहे ना, हे आधी नीट तपासा. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागू लागला, तर सरळ उठून या. वर सांगितलेल्या त्याच करारात खलाशाकडून नोकरीसाठी असे पैसे घ्यायला मनाई आहे.