नाताळच्या चित्रपटांतील नोकरदार स्त्री : करिअर की कुटुंब?

प्रस्तावना :
नाताळच्या पार्श्वभूमीवरील अमेरिकन चित्रपटांत स्त्रीपुढे ‘करिअर की कुटुंब’ हा पेच वारंवार उभा केला जातो. महानगरातील यशस्वी स्त्री सणानिमित्त लहान गावी येते, तेथे तिला प्रेम गवसते आणि ती शहरातील पद सोडण्यास सिद्ध होते, हा त्यांचा परिचित साचा होय. २००९ पासून हॉलमार्क वाहिनीच्या नाताळ-चित्रपटांनी तो घरोघरी पोहोचविला. तथापि, या पेचाची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आढळतात.

विवेचन :
युद्धकाळात अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत रुजू झाल्या. त्यांच्या मुलांसाठी लॅनहॅम कायद्याखालील निधीतून पाळणाघरे चालविली गेली. १९४६ मध्ये हा केंद्रीय निधी थांबला व स्त्रीने घरी परतावे, अशी अपेक्षा बळावली.

‘ख्रिसमस इन कनेक्टिकट’ (१९४५) या चित्रपटाची नायिका एलिझाबेथ लेन मासिकातून आदर्श गृहिणीचे सदर लिहिते. प्रत्यक्षात ती अविवाहित असून तिला स्वयंपाकही येत नाही. प्रकाशक नाताळसाठी तिच्या घरी येण्याचे ठरवितो, तेव्हा शेतघर, पती आणि मूल सारेच उसने आणावे लागते. गृहिणीपद ही येथे लेखणीने रचलेली व वेतन मिळवून देणारी प्रतिमा ठरते. उसने आणलेले मूलही कामावर जाणाऱ्या आईचेच असते.

‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) मधील डोरिस वॉकर ही घटस्फोटित असून मेसीज या दुकानात जबाबदारीच्या पदावर आहे. तिच्याकडून नोकरीचा नव्हे, तर व्यवहारी अविश्वासाचा त्याग अपेक्षिला जातो. तिच्या घरात राबणारी कृष्णवर्णीय मोलकरीण क्लिओ मात्र पटकथेच्या कडेलाच राहते. डोरिसची नोकरी जिच्या श्रमावर उभी आहे, तिच्या स्वतःच्या कुटुंबाचा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

निष्कर्ष :
या चित्रपटांत निवडीचा प्रश्न नायिकेच्या मनापुरता मर्यादित केला जातो. कामाचे तास, पाळणाघर व रजा यांची चर्चा होत नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची रजा दिली, परंतु ती बिनपगारी आहे. समाजाने सोडवावयाचा प्रश्न एकट्या स्त्रीच्या हृदयपरिवर्तनाने सुटल्याचे दाखविणे, हे या चित्रपटांच्या लोकप्रियतेचे एक कारण आणि त्यांची मर्यादाही होय.