बर्फ नव्हता, तरी झाडं अडचणीत होती

उन्हाळ्यात सगळं रान वाळतं, पण ओढ्याच्या वळणावर, डोहाजवळ एखादा हिरवा पट्टा उरतो. पाऊस पडला की तिथूनच हिरवळ पुन्हा पसरते. आजचं बोलणं अशाच उरलेल्या जागांचं आहे, फक्त काळ २०,००० वर्षांपूर्वीचा.

तेव्हा पृथ्वी फार थंड होती. नॉर्वेसारखा देश जाड बर्फाखाली होता. तिथल्या डोंगरी फुलझाडांवरून शास्त्रज्ञांचा मोठा वाद झाला. बर्फातून वर आलेल्या उघड्या सुळक्यांवर ती तगली, की सगळी मरून नंतर दुसरीकडून आली? बहुतेक बाहेरून आली, थोडी तिथंच टिकली असावीत, असं आता दिसतं.

आपल्या हिंगोलीत बर्फ नव्हता. आपल्याकडं पावसाळाच कमजोर झाला होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या माळाचा पक्षी! (ते मणी कुणा बाईच्या गळ्यात असतील, असं मला आपलं वाटतं.) मग ओलाव्यावर जगणारी झाडं कुठं गेली? सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, जिथं थोडाफार पाऊस टिकला होता, तिथं ती तग धरून राहिली, असं मानतात.

थंडी आवडणाऱ्या झाडांचं मात्र उलटं झालं. बुरांश नावाचं लाल फुलांचं झाड हिमालयात वाढतं. उत्तराखंडात त्याच्या फुलांचं सरबत करतात. तेच झाड, थोडं वेगळं, थेट दक्षिणेत निलगिरीवर सापडतं. मध्ये सुमारे २,००० किलोमीटर काहीच नाही. ते तिथं गेलं कसं? काहींच्या मते थंडीच्या काळात ते खालच्या डोंगरांवरही जगू शकलं, आणि एकेक डोंगर करत दक्षिणेला सरकलं. १९४९ मध्ये सुंदरलाल होरा यांनी ओढ्यांतल्या माशांबद्दल असाच सातपुड्याचा मार्ग सुचवला होता. दुसरे म्हणतात, बी इतकं बारीक की वाऱ्यानंच नेलं असेल. मला पहिलं जास्त पटतं, पण निकाल लागलेला नाही.

पुढं ऊब वाढली तसं बुरांश वर वर चढत गेलं. निलगिरीचं सर्वांत उंच शिखर दोड्डबेट्टा, २,६३७ मीटर. ऊन आणखी वाढलं तर त्याच्या वर चढायला जागाच नाही.

आपल्याकडं शिखरं नाहीत, ओढे आहेत. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावच्या ओढ्याकाठी ऐन मे महिन्यात काय हिरवं असतं, ते लिहून आणा. करटुल्याचा वेल वरून वाळतो, पण कंद मातीत जिवंत असतो, तोही लिहा.